घराचे कागद पाहणारा वकील कसा पारखाल?

मैत्रिणींनो, चौकशीच्या बाबतीत आपण बायका कोणाला हार जाणाऱ्या नाही. धुण्याभांड्याला बाई ठेवायची तर ती आधी कुठे काम करत होती, तिथले का सोडले, हे विचारून घेतो. मुलाला शिकवणी लावायची तर सरांच्या मागच्या वर्षीच्या मुलांचे निकाल काढतो. डॉक्टरांच्या पाटीवरची अक्षरे वाचून हे हाडांचे की लहान मुलांचे, ते ठरवतो. आणि मुलीसाठी स्थळ आले, मग तर विचारायलाच नको! तीन पिढ्यांची माहिती आत्या-मावशांच्या मार्फत दोन दिवसांत घरी पोचते.

पण आयुष्यात बहुधा एकदाच घ्यायच्या घराचे कागद ज्यांच्या हाती सोपवायचे, त्या वकिलांची मात्र चौकशी होत नाही. "ह्यांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीचे आहेत", "एजंटानेच सुचवले", "कोर्टासमोर बसतात", एवढ्यावर भागते. घरासाठी प्रॉव्हिडंट फंड काढलेला असतो, पाटल्या मोडलेल्या असतात, वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतलेला असतो. हे सगळे ज्या माणसाच्या दोन पानी अहवालावर उभे, त्याने या कामात किती वर्षे घातली आणि कुणाच्या हाताखाली घातली, हे आपल्याला ठाऊकही नसते.

मी काही वकील नव्हे. बी. ए. झालेली, घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवणारी साधी बाई. पण गेल्या काही वर्षांत आमच्या शिक्षक-खोलीत घरखरेदीचा विषय इतक्यांदा निघाला, की जाणत्या मंडळींना विचारून, कायद्याची पुस्तके चाळून मी हा विषय जरा समजून घेतला. जे समजले ते आज तुमच्यापुढे मांडते.

सनद सगळ्यांची एकच

आधी वकील होतो कसा, ते पाहू. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे कायद्याचे शिक्षण घ्यावे लागते. पदवी हाती आली की १९६१ च्या अॅडव्होकेट्स कायद्याप्रमाणे राज्याच्या वकील परिषदेकडे नाव नोंदवायचे. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा यांची परिषद एकच आहे. तिथे मिळते ती सनद. २०१० पासून नव्या वकिलांना अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते.

इथवर सगळ्यांची वाट एकच. खुनाचा खटला चालवणारा, घटस्फोटाची कामे घेणारा, अपघाताची भरपाई मिळवून देणारा आणि जमिनीचे कागद तपासणारा, या चौघांच्या हाती सनद तीच. डॉक्टरांमध्ये जसा बालरोगतज्ज्ञ वेगळा शिकून येतो, तसे मालमत्तेच्या कामासाठी पुढचे वेगळे शिक्षण सक्तीचे नाही.

बरे, पाटी वाचून कळेल म्हणावे तर तेही नाही. वकिलाने जाहिरात करू नये आणि आपण अमुक एका कामात निष्णात आहोत असे पाटीवर लिहू नये, असा वकील परिषदेचा नियमच आहे. स्वतःचे संकेतस्थळ असेल तर त्यावर कामाचे क्षेत्र सांगण्याची मुभा २००८ मध्ये मिळाली, पण दारावरची पाटी मुकीच. त्यामुळे 'अॅडव्होकेट' या शब्दापलीकडची सगळी माहिती आपल्याला तोंडाने विचारूनच घ्यावी लागते. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. दुसरा मार्गच ठेवलेला नाही!

एक खूण मात्र कागदावर सापडते. वकिलांच्या शिक्क्यात सनदेचा क्रमांक असतो. आपल्या राज्यातल्या क्रमांकात आधी महाराष्ट्राची इंग्रजी आद्याक्षरे, मग आकडा आणि शेवटी नोंदणीचे साल असते. ते साल वाचले की या वकिलांना सनद मिळून किती वर्षे झाली, हे न विचारता समजते.

अनुभवाची ही अट कायद्यालाही सुचलेली आहे. महाराष्ट्रात फ्लॅटचा धंदा वाढू लागला तेव्हा १९६३ साली आपल्या राज्याने त्यावर कायदा केला. त्याला मंडळी 'मोफा' म्हणतात. बिल्डरने जमिनीवरचा आपला हक्क ग्राहकाला उघड करून सांगावा आणि तो हक्क एखाद्या अॅटर्नीने किंवा निदान तीन वर्षे वकिली झालेल्या अॅडव्होकेटने प्रमाणित केलेला असावा, असे त्यात म्हटले आहे. बिल्डरच्या वकिलाला जर कायदा अनुभव विचारतो, तर आपण आपल्या वकिलाला का विचारू नये?

या वाक्यातला 'अॅटर्नी' कोण, असे तुम्ही विचाराल. इंग्रजी अमलापासून मुंबईच्या हायकोर्टात कामाची विभागणी होती. कोर्टात उभे राहून बोलणारे वेगळे आणि कचेरीत बसून दस्त लिहिणारे, हक्क तपासणारे अॅटर्नी म्हणजे सॉलिसिटर वेगळे. घरे, चाळी, जमिनी यांची कागदपत्रे ही या मंडळींची खास विद्या. कायद्याच्या दृष्टीने हा वेगळा वर्ग १९७७ पासून उरला नाही. तरी मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही संस्था आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते आणि त्यासाठी जुन्या सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. ती परीक्षा न दिलेले, पण हे काम उत्तम जाणणारे वकील जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मात्र ही विद्या उमेदवारीने येते, हे त्या जुन्या पद्धतीतले मर्म लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खरी शाळा कचेरीत

कॉलेजात कायद्यांची नावे शिकवतात आणि ती थोडी नाहीत. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा, दस्तनोंदणीचा १९०८ चा, आपल्या राज्याचा मुद्रांकाचा १९५८ चा, सहकारी सोसायट्यांचा १९६० चा, जमीन महसुलाचा १९६६ चा. त्यात कूळकायदा, वारसाहक्काचा कायदा आणि २०१६ चा रेरा. पण स्वयंपाकाचे पुस्तक पाठ झाले म्हणून पुरणपोळी जमत नाही. कणीक किती सैल हवी, हे सासूबाईंच्या शेजारी बसूनच कळते. तसेच इथे आहे.

नवा वकील एखाद्या जुन्या वकिलाच्या कचेरीत बसतो. आधी जुने दस्त वाचून त्यांची टिपणे काढतो. मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन 'सूची क्रमांक दोन' चाळतो. ही विकत घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या नोंदींची यादी. तलाठ्याकडे जाऊन फेरफार पाहतो, शहरात असेल तर नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढतो. सात-बाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले बारीक आकडे असतात ना, ते फेरफारांचे क्रमांक. प्रत्येक आकड्यामागे एक कहाणी असते : कुणीतरी वारले, कुणी विकले, कुणी कर्ज काढले, कुणाची वाटणी झाली. हे आकडे एकेक करून मागे मागे उलगडत जायचे. फार जुने कागद मोडी लिपीत असतात, तिथे मोडी वाचणारा जाणकार गाठायचा. आता पुष्कळ नोंदी संगणकावर दिसतात ही सोय झाली, पण कागद दिसणे वेगळे आणि त्यात काय नाही ते ओळखणे वेगळे.

हा शोध बहुधा तीस वर्षांचा घेतात. तीसच का? मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात त्याचे कारण सापडते. गहाण ठेवलेली स्थावर मालमत्ता सोडवून घेण्यासाठी दावा लावायची मुदत तीस वर्षांची आहे, आणि सरकारला दावा करायचा असेल तर तीही तीसच वर्षांची. म्हणजे तीस वर्षांपूर्वी कुणाकडे गहाण पडलेली जमीन आज तुमच्या नावावर होत असेल, तर ते आधी कळायला हवे.

शोध झाला की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, 'कोणाची हरकत असल्यास कळवावे' अशी. मग वकील आपला अहवाल लिहून देतात. त्याला शोधाची सरकारी फी भरल्याची पावती जोडलेली असते. ती पाहायला मागा. पावतीच नसेल तर शोध घेतला कुठे, असा प्रश्न उरतोच!

"बहिणी किती?"

अनुभवाने काय फरक पडतो, याचे एक उदाहरण सांगते. आमच्या शाळेतल्या एक बाई निवृत्तीच्या आधी घर बांधावे म्हणून गावाबाहेर एक प्लॉट घेत होत्या. विकणारे तिघे भाऊ. एजंटाने आपलाच वकील दिला होता. पंधरा वर्षे वकिली झालेली, माणूस सज्जन. पण सगळी वर्षे मोटार अपघातांच्या भरपाईच्या कामात गेलेली. त्यांनी चालू सात-बारा पाहिला, तिघांची नावे पाहिली आणि "कागद स्वच्छ आहेत" असे सांगितले.

बाईंच्या जावेने आग्रह धरला म्हणून त्या आणखी एका वकीलबाईंकडे गेल्या. या वयाने लहान, पण दहा वर्षे एका जुन्या वकिलांच्या कचेरीत फक्त जमिनीची कामे केलेल्या. त्यांनी सात-बारा बाजूला ठेवला आणि वारसनोंदीचा जुना फेरफार काढला. वडील १९८८ साली वारले होते. नोंदीत आई आणि तीन मुलगे. पुढे आईही गेली. वकीलबाईंनी विचारले, "ह्यांना बहिणी किती?"

एजंट म्हणाला, "दोन आहेत. पण त्यांची लग्नं होऊन जमाना झाला. त्यांचा काय संबंध?"

"संबंध आहे म्हणून तर विचारते," त्या म्हणाल्या. "१९५६ पासून आहे."

आणि ते खरेच आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता बाप वारला तर मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस ठरते. लग्न झाले म्हणून तिचे नाव पुसले जात नाही. तलाठ्याच्या नोंदीत नाव आले नाही म्हणून हक्क जात नाही, कारण सात-बारा ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. पुढे या बहिणींनी किंवा त्यांच्या मुलांनी दावा लावला असता, तर आमच्या बाई बांधलेल्या घरासकट कोर्टात उभ्या राहिल्या असत्या.

शेवटी दोन्ही बहिणींना बोलावले. त्यांचा हिस्सा त्यांना मिळाला, खरेदीखतावर विकणाऱ्या म्हणून त्यांच्याही सह्या झाल्या. तीन महिने उशीर झाला एवढेच.

यात पहिल्या वकिलांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना तो प्रश्न सुचला नाही, कारण त्यांची पंधरा वर्षे दुसऱ्या प्रश्नांत गेली होती. आणखी एक गोष्ट यातून शिकण्यासारखी आहे. दस्त नोंदवला गेला म्हणजे सरकारने खात्री करून दिली, असा आपला समज असतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात. विकणाऱ्याची मालकी निर्दोष आहे, अशी हमी ते देत नाहीत. ते तपासणे हे तुमच्या वकिलाचे काम.

असे आणखी काही प्रश्न मुरलेल्या वकिलाला आपोआप सुचतात. जमीन भोगवटादार वर्ग एकची आहे की वर्ग दोनची? वर्ग दोनची असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. कूळकायद्यात मिळालेली आहे का? 'इतर हक्क' या रकान्यात कुणाचा बोजा आहे का? जमीन मूळची आदिवासी खातेदाराची तर नाही ना? कारण तिच्या हस्तांतरावर कडक बंधने आहेत. विकणारा स्वतः सही करतो आहे की कुलमुखत्यारपत्रावर दुसराच कोणी? नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही, त्याला रीतसर नोंदवलेले खरेदीखतच लागते, असे सुप्रीम कोर्टाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे.

फ्लॅट घेताना प्रश्न थोडे बदलतात. सोसायटी झाली आहे का? आणि मुख्य म्हणजे जमिनीचे अभिहस्तांतरण, ज्याला आपण 'कन्व्हेयन्स' म्हणतो, ते सोसायटीच्या नावे झाले आहे का? ते झाले नसेल तर भिंती आपल्या आणि जमीन दुसऱ्याची, अशी स्थिती राहते. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर २००८ च्या दुरुस्तीने सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडून 'मानीव अभिहस्तांतरण' मिळवता येते. हे काम तुमच्या वकिलांनी कधी केले आहे का, हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे.

तीन वकील, तीन धनी

पुष्कळजणी म्हणतात, "बिल्डरच्या वकिलाचा दाखला आहे, बँकेच्या वकिलाने पाहिले आहे, मग आणखी एकाला पैसे कशाला द्यायचे?"

याचे उत्तर सोपे आहे. बिल्डरचे वकील बिल्डरसाठी काम करतात. त्यांचा हक्क-अहवाल जरूर वाचा. आता महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या माहितीत तो पाहायलाही मिळतो. पण करारनाम्यातली कलमे त्यांनी आपल्या अशिलाच्या सोयीने लिहिलेली असणार.

बँकेचे वकील बँकेसाठी पाहतात. कर्ज फिटले नाही तर हे घर विकून पैसे वसूल होतील ना, एवढी त्यांची नजर. पार्किंगची जागा करारात नीट लिहिली आहे का, ताबा उशिरा मिळाला तर तुम्हाला व्याज मिळेल का, तुमचे नाव कागदावर बरोबर आले आहे का, हे पाहण्यासाठी बँकेने त्यांना नेमलेले नाही.

तुमच्या बाजूने वाचणारा माणूस तिसराच हवा. त्याला आधीच विचारा, "या बिल्डरशी, एजंटाशी किंवा विकणाऱ्यांशी तुमचा काही संबंध आहे का?" समोरच्या पक्षाशी असलेला संबंध वकिलाने अशिलाला मोकळेपणी सांगावा, असे त्यांच्या आचारनियमांतच आहे. आणि असे वकील करारनामा सहीच्या दिवशी नव्हे, तर बयाणा देण्याच्या आधी वाचतात. रेराखाली आलेल्या प्रकल्पात करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे तुम्हालाही माहीत असू द्या.

तुमची सही, तुमचा हक्क

वरच्या गोष्टीत आपण खरेदी करणाऱ्या बाईंच्या बाजूने विचार केला. पण मैत्रिणींनो, त्या दोन बहिणींच्या जागीही आपणच आहोत, नाही का? कुठल्या तरी गावच्या सात-बाऱ्यावरून आपले नाव गळलेले असते. किंवा एक दिवस भावाचा फोन येतो, "ताई, उद्या जरा रजिस्ट्रार ऑफिसात ये, फक्त एक सही हवी." गाडी भाड्याची केलेली असते, वहिनीने साडी आणून ठेवलेली असते, वकील तिथेच उभे असतात. तो कागद बहुधा हक्कसोडपत्राचा असतो.

हक्क भावाला सोडायचा की नाही, हा तुमच्या मनाचा प्रश्न आहे. माहेर टिकावे म्हणून कुणी आनंदाने सोडते, त्यात वावगे काही नाही. पण काय सोडतो आहोत, त्याची किंमत किती, हे समजून सोडावे. नोंदवलेले हक्कसोडपत्र पुढे सहजी मागे घेता येत नाही. फसवून सही घेतली हे कोर्टात सिद्ध करत बसावे लागते. आणि तिथे उभे असलेले वकील भावाने आणलेले असतात. त्यांच्याशी गोड बोलावे, पण सल्ला आपल्या वकिलाचा घ्यावा.

२००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. ९ सप्टेंबर २००५ या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री यांना ही दुरुस्ती धक्का लावत नाही. तेव्हा आपल्या घराण्याच्या बाबतीत काय लागू पडते, ते मालमत्तेचे काम जाणणाऱ्या वकिलालाच विचारायला हवे.

बायकांच्या सहीची ही गोष्ट जुनी आहे. १८६६ साली आपल्या नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले, ऑक्सफर्डला जाऊन १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पण बाईला वकील म्हणून उभे राहू द्यायला इथली कोर्टे तयार नव्हती. १९०४ पासून त्यांनी बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे काम केले. पडद्यात राहणाऱ्या विधवा आणि पोरकी मुले यांच्या इस्टेटींचे काम. परक्या पुरुषाशी बोलता येत नाही म्हणून ज्या बायकांना आपल्याच जमिनीचे कागद कुणी समजावून दिले नव्हते, त्यांच्या वाड्यांत जाऊन ही बाई कागद वाचून दाखवायची. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचे दार रीतसर उघडले, तोवर तिची या कामातली जवळजवळ वीस वर्षे झाली होती. पडदा गेला, पण कागद न वाचता सही करण्याची सवय आपल्यातून पुरती गेली आहे का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पहिल्या भेटीत काय विचाराल?

वकिलांकडे जाताना नुसते 'ह्यांना' पाठवू नका, बरोबर जा. आणि हे प्रश्न वहीत लिहून न्या :

१. सनद कोणत्या साली मिळाली? त्यातली किती वर्षे मालमत्तेच्या कामात गेली?

२. सुरुवातीची उमेदवारी कुणाकडे झाली? ते कोणती कामे करत?

३. आमच्यासारखे काम, म्हणजे जुना फ्लॅट, नवा प्रकल्प, बिनशेती प्लॉट किंवा शेतजमीन यांपैकी जे असेल ते, अलीकडे केले आहे का? याच तालुक्यात केले आहे का?

४. शोध किती वर्षांचा घेणार? स्वतः पाहणार की कारकून पाठवणार? अहवाल लेखी देणार ना?

५. समोरच्या पक्षाशी काही संबंध?

६. फी किती, कशाकशाची? शोधाची सरकारी फी, नोटिशीचा खर्च, दस्त लिहिण्याची फी, सगळे वेगवेगळे मांडून द्याल का?

शेवटच्या प्रश्नाला संकोचू नका. आणि "काम झाले की मालमत्तेतला हिस्सा द्या" असे कुणी म्हणाले तर सरळ उठून या. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळकतीत वाटा मागणे वकिलांच्या नियमांत बसत नाही.

उत्तरे कशी मिळतात, त्यावरूनही माणूस कळतो. चांगले वकील प्रश्नांनी चिडत नाहीत, उलट तेच तुम्हाला चार प्रश्न जास्त विचारतात. "काळजी करू नका, सह्या करा" म्हणणाऱ्यापेक्षा "हा एक कागद अजून आणा" म्हणणारा बरा. तुम्हीही काही लपवू नका. घरातला वाद, दिराची हरकत, आधी दिलेली पावती, सगळे सांगा. अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाने बाहेर फोडू नये, हे कायद्यानेच बांधून दिलेले आहे.

जाणता वकील तुमच्या फायद्याचे दोन शब्दही सांगतो. उदाहरणार्थ, महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्याच नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पतीबरोबर जोडनावाने घेतले तर ती मिळत नाही. चाळीस लाखांच्या घरावर हे चाळीस हजार रुपये झाले. तेवढ्यात वकिलांची फी निघून काही शिल्लकही राहील! कुठले नाव आधी घालायचे, एकटीचे की दोघांचे, हा विषय करारनामा छापून आल्यावर नव्हे, त्या पहिल्या भेटीतच काढा.

फी परवडत नसेल तर

आपल्यातल्या कितीकींच्या हातात स्वतःचा पैसा नसतो, हे मला ठाऊक आहे. विशेषतः वारसाहक्काचा वाद असेल तर घरातून मदत होत नाही. अशा वेळी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मागता येते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येईल. तिथेही जे वकील मिळतील त्यांना वरचे प्रश्न विचारायला हरकत नाही.

या आठवड्यात एवढे करून पाहा. घरातली कागदांची पिशवी खाली काढा. करारनामा, सूची क्रमांक दोन, सोसायटीचे भागपत्र, सगळे एकदा वाचा. आपले नाव कुठे आहे आणि कुठे नाही, ते पाहा. माहेरच्या जमिनीचा गट क्रमांक आईला विचारून वहीत टिपून ठेवा. आणि ज्या वकिलांचा शिक्का त्या कागदांवर आहे, त्यातले साल वाचायला विसरू नका.